आई अबोल आहे म्हणून ग्रुप थेरपी सोडते आहे का?

तुमची आई ७२ वर्षांची. डिप्रेशनसाठी पाच वेळा ग्रुप थेरपीला गेली आणि आता 'मला नाही जायचं' म्हणते. स्वभावच मुळात अबोल, म्हणून असेल का, असं तुम्ही विचारलंय.

ज्येष्ठांचे असे ग्रुप मी काही वर्षं घेतले आहेत. अबोल माणसं सोडून जातात, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणाऱ्या एक बाई बाराही सेशन्सना आल्या. सगळी मिळून वीस वाक्यं बोलल्या असतील. सोडून गेले ते पहिल्याच दिवशी सगळं घडाघडा सांगून मोकळे झालेले गृहस्थ. घरी गेल्यावर त्यांना वाटलं, चारचौघांत जरा जास्तच बोललो. परत तोंड दाखवायची लाज वाटली.

खरी धास्ती मला 'हो हो, छान चाललंय' म्हणणाऱ्यांची. कोणाला दुखवायचं नाही, हा जन्माचा स्वभाव. खटकलेलं पोटात ठेवतात आणि एक दिवस गुडघ्याचं कारण सांगून येणं बंद करतात.

(गुडघा खरंच दुखत असेल, तेही विचारा. आणि कान! नीट ऐकू येत नसेल तर आठ-दहा जणांत माणूस गप्पच बसतो आणि आपण त्याला अबोल ठरवतो.)

शिवाय आजारात दिसणारा स्वभाव पूर्ण खरा धरू नये. व्यक्तिमत्त्व चाचण्यांत न्यूरॉटिसिझम म्हणून जे मोजतात, म्हणजे काळजी करणं, पटकन खचणं, ते डिप्रेशनमध्ये जास्त भरतं आणि बरं वाटू लागलं की बरेचदा उतरतं. आई आजारापूर्वी कशी होती, ते आठवून पाहा.

'का नाही जायचं?' असं विचारलंत तर गुडघाच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा 'मागच्या वेळी काय झालं?' विचारा. ग्रुपमधलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून नावं नकोत. तिला काय लागलं तेवढं कळलं तरी पुरे. मग तिच्या संमतीने थेरपिस्टशी बोला, एकटीची एक भेट मागा. तरीही सोडायचंच ठरलं तर एकदा जाऊन निरोप घेऊ दे. या वयात न सांगता निघून गेलेली माणसं आधीच पुष्कळ झालेली असतात. वैयक्तिक थेरपीचा मार्ग आहेच. मात्र 'जगण्यात अर्थ नाही' असं काही बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.