जिंकतो एक, राबतात सात

प्रश्न : टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत विजेत्याची पिवळी जर्सी एकालाच मिळते. मग संघात आठ जण कशाला? बाकीचे सात जण स्वतःसाठी जोर का लावत नाहीत?

उत्तर : सगळा खेळ वाऱ्याचा आहे. सपाटीवर ताशी 40-45 किमी वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहिलं की साधारण एक तृतीयांश श्रम वाचतात. मोठ्या घोळक्याच्या मधोमध त्याहूनही जास्त. टूर 21 टप्प्यांची असते. रोज वाचवलेली ही ताकद तिसऱ्या आठवड्यातल्या घाटांत कामी येते. म्हणून नायकाने, म्हणजे संघाला ज्याला जिंकवायचं आहे त्याने, शेवटच्या चढापर्यंत वारा अंगावर घ्यायचाच नाही. सपाटीवर धिप्पाड गडी त्याला आडोसा देतात, चढावर हलक्या अंगाचे वेग धरून ठेवतात.

पाणी आणायचं कामही या सात जणांचंच. मदतनीस मागे संघाच्या गाडीपर्यंत जातो, जर्सीच्या खिशांत आणि गळ्यातून आत बाटल्या कोंबतो आणि गर्दीतून वाट काढत पुन्हा पुढे येतो. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या म्हणजे चार किलो. आणि हे अशा खेळात, जिथे अख्खी सायकल जेमतेम 6.8 किलोची (नियमानुसार त्याहून हलकी चालत नाही)! याला त्याग वगैरे म्हणायचं कारण नाही. हीच त्यांची पगारी नोकरी आहे, आणि बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची रीत आहे.

प्रश्न : सुरुवातीलाच चार-पाच जण पुढे निसटतात आणि शेवटी बहुतेकदा पकडले जातात. मग त्यांना लगेच का धरत नाहीत? आणि ते निसटतात तरी कशाला?

उत्तर : लवकर पकडलं की दुसरे निसटतात, आणि ताज्या दमाच्या नव्या टोळीला आवरणं जास्त महाग पडतं. त्यामुळे स्प्रिंटरांचे (अगदी शेवटच्या जोरात जिंकणाऱ्यांचे) संघ एकेक गडी घोळक्याच्या तोंडाशी लावून अंतर दोन-तीन मिनिटांवर ठेवतात. ढोबळ हिशेब असा, की सपाटीवर 10 किमीत एक मिनिट भरून काढता येतं. हिशेब फसतो तो बहुधा रुसव्याफुगव्यांमुळे. ‘मीच का ओढू?’ म्हणत संघ एकमेकांकडे बघत बसतात आणि तेवढ्यात पुढचे हातचे जातात.

निसटणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर प्रायोजकाचं नाव मिरवता येतं, घाटमाथ्यावरचे गुण मिळतात. खरी चलाखी मात्र वेगळीच. 2022 मध्ये ओताकामच्या टप्प्यात वाउट व्हान आर्ट असाच आधीपासून पुढे होता. शेवटच्या चढावर मागून त्याचा नायक योनास व्हिंगेगोर येऊन पोहोचला, तेव्हा व्हान आर्टने असा वेग लावला की प्रतिस्पर्धी तादेय पोगाचार मागे पडला. टप्पाही व्हिंगेगोरचा, टूरही त्याचीच.

प्रश्न : नायकाचं चाक पंक्चर झालं तर दुसऱ्या संघातला मित्र आपलं चाक देऊ शकतो का?

उत्तर : नाही. 2015 च्या जिरोमध्ये (इटलीतली अशीच मोठी शर्यत) रिची पोर्टला दुसऱ्या संघातल्या सायमन क्लार्कने चाक दिलं. दोघेही ऑस्ट्रेलियन, हेतूही चांगला, तरी दोन मिनिटांचा दंड बसला. चाक किंवा सायकल स्वतःच्या संघाची हवी, नाहीतर आयोजकांच्या मदतगाडीतली. म्हणून नायकाजवळ त्याच्याच उंचीचा एक साथीदार ठेवतात. तो उतरतो, सायकल देतो, पाठीमागून ढकलतो आणि गाडीची वाट बघत उभा राहतो. सीटची उंची पाच-सहा सेंटिमीटरने वेगळी असेल किंवा पेडल दुसऱ्या जातीचं असेल, तर ही सायकल निरुपयोगी. सपाटीच्या टप्प्यात शेवटच्या 3 किमीत पंक्चर झालं, तर ज्या गटात होता त्याचीच वेळ त्याला मिळते.

प्रश्न : सांघिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे अख्खा संघ एकत्र घड्याळाविरुद्ध धावतो तेव्हा, वेळ कोणाची धरतात?

उत्तर : त्या-त्या शर्यतीच्या नियमावर आहे, पुष्कळदा चौथा किंवा पाचवा सायकलपटू रेषा ओलांडतो ती. त्यामुळे एक-दोघे गळाले तरी चालतं. घात होतो तो ताकदवान गड्याच्या उत्साहाने. पुढे येताच तो वेग वाढवतो; नुकताच पुढे राहून ओढायची आपली पाळी संपवून शेपटीला जाणारा आधीच दमलेला असतो, त्याला शेवटचं चाक पकडता येत नाही आणि रांग तुटते. ज्याच्यात दम जास्त त्याने वेग तोच ठेवावा, पाळी लांबवावी : इतरांनी 15 सेकंद ओढलं तर त्याने 30.