कोरस ही ऊर्जा आणतो कुठून?

तुमचं म्हणणं असं की व्हॅन ॲलन पट्ट्यांच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या) क्लिपमधली पाखरांसारखी किलबिल, म्हणजेच 'कोरस', अंतराळात ऐकू येईलच कशी, आणि एवढ्याशा कुजबुजीने इलेक्ट्रॉन मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) एवढ्या ऊर्जेला पोचतात हे पटत नाही.

किलबिलीचं सोपं आहे. तो ध्वनी नाहीच, विद्युतचुंबकीय तरंग आहेत. वारंवारिता काही किलोहर्ट्झ, म्हणजे नेमकी आपल्या कानाच्या टप्प्यातली. अँटेनाचा सिग्नल स्पीकरला दिला की झालं. स्पेक्ट्रोग्राम काढून बघा: एकेक स्वर सेकंदाच्या आत खालून वर चढतो, वाऱ्याने कललेल्या गवताच्या पात्यांसारखा.

दुसरा प्रश्न खरा. इथे तरंग हा नुसता दलाल आहे. चुंबकीय वादळात पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने काही दहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे असंख्य इलेक्ट्रॉन आत घुसतात. चुंबकीय क्षेत्ररेषेला आडवी त्यांची गती रेषेलगतच्या गतीपेक्षा जास्त असते. ही विषमता टिकत नाही, तिच्यातूनच कोरस फुटतो. पदरचं घालतात हे सगळे, आणि पदरात पडतं ते आधीच काहीशे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर असलेल्या मूठभरांच्या.

देवाणघेवाण फुगडीसारखी. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गरगरतो, तरंगाचं विद्युतक्षेत्रही त्याच दिशेने फिरतं. दोघं समोरासमोरून आले की डॉप्लरमुळे इलेक्ट्रॉनला ती वारंवारिता वाढलेली भासते. ती त्याच्या गिरक्यांशी जुळली की फुगडी जमली. एका फुगडीत फार काही मिळत नाही, उलट कधी गाठचंही जातं. पण वादळभर हे चालू राहिलं की काही जण १ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट गाठतात. तिथे वेग प्रकाशाच्या ९४ टक्के!

हे नुसतं कागदावरचं नाही. इलेक्ट्रॉन बाहेरून आत ढकलले जाऊन तापत असते, तर (चुंबकीय क्षेत्राचा हिशेब वजा केल्यावर) त्यांची घनता बाहेरून आत कमी होत गेली असती. ऑगस्ट २०१२ मध्ये सोडलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या उपग्रहांच्या जोडीला ८-९ ऑक्टोबरच्या वादळात घनतेचं शिखर पट्ट्याच्या मध्येच वाढताना दिसलं. रीव्ह्ज आणि थॉर्न या संशोधकांचे २०१३ चे निबंध याच वादळावर आहेत.

मात्र कोरस जोरात म्हणजे पट्टा भरणारच, असं गणित मांडू नका. हाच तरंग इलेक्ट्रॉनची दिशा बिघडवून त्यांना वातावरणात पाडतोही. लुकलुकणारे ध्रुवीय प्रकाश त्याचेच. या तरंगांचे आलेख बघताना आधी प्लाझ्मापॉज (पृथ्वीजवळच्या दाट, थंड प्लाझ्माची बाहेरची कड) कुठे आहे ते पाहा. त्याच्या आत ऐकू येतो तो बहुतेक 'हिस' (सूर नसलेला, फुसफुसणारा तरंग), आणि त्याचं काम इलेक्ट्रॉन गाळण्याचं.