आधी स्टेपनीचा खड्डा बघा

प्रश्न : विकत घ्यायला आठ वर्षांची जुनी गाडी बघितली, मीटरवर फक्त 30 हजार किलोमीटर आहेत. मालक म्हणतात, "गाडी उभीच असायची." विश्वास ठेवू का?

हिशेब करा. दिवसाला जेमतेम 10 किलोमीटर झाले. असे मालक असतातही. पण मीटर मागे फिरवणं हे आता काही मिनिटांचं काम आहे, तेव्हा मीटरला न विचारता पेडलला विचारा. 30 हजारांत क्लच-ब्रेकच्या रबरावरच्या रेघा पुसल्या जात नाहीत. रबर अगदी कोरं करकरीत असेल, तर ते बदलायची वेळ का आली हेही विचारा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरता घासली जाते, तिच्यावर हात फिरवून बघा.

मग टायर. टायरच्या अंगावर 'डॉट' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी 2320 असे चार आकडे असतील, तर टायर 2020 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला डोकवा. टायरचा जोड साधारण 40-50 हजार किलोमीटर जातो. आता गाडी 2017ची, चारही टायर 2020चे आणि मालकांच्या हिशेबाने तोवर गाडी चालली 11-12 हजार! मग पहिले टायर गेले कुठे? एखादा फाटू शकतो, चारही नाही. सरळ विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही बघा.

गंमत म्हणजे मालक खरं बोलत असले तरी हुरळून जाऊ नका. रोज दोन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा राहतो. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असेल तर तो काजळीने भरत जातो, कारण ती जळायला लांबचा पल्ला लागतो.

प्रश्न : एक गाडी 1 लाख 20 हजार चाललेली, सगळी सर्व्हिस बिलं आहेत. दुसरी 45 हजार, बिल एकही नाही. किंमत सारखीच. कुठली घेऊ?

पहिली. मात्र टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बदलल्याचं बिल त्यात आहे का बघा. (काही इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते, ते आधी विचारा.) बेल्ट कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत 60 हजार ते 1 लाखाच्या आसपास. चालत्या गाडीत तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं.

प्रश्न : गाडी ठोकलेली किंवा पाण्यात बुडालेली आहे, हे आपल्यासारख्याला कळेल का?

बरंचसं कळतं. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि दारांचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो. पान्याच्या खुणा दिसल्या, तर तो भाग उतरवला होता. एकटं दार उतरवलं असेल तर मला फार काळजी वाटत नाही. पुढच्या चॅसीवर वेल्डिंग दिसलं तर मात्र नमस्कार करून निघा.

पाण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टचा गुंडाळलेला शेवट कोणी धूत नाही. तिथे मातकट डाग किंवा कुबट वास असला तर समजून जा. मी एकदा एका चकचकीत गाडीवर भाळलो होतो. व्यवहार जवळपास ठरलाच होता. सहज डिकी उघडून स्टेपनी उचलली, तर खाली बोटभर वाळलेला गाळ! मालक म्हणाले, "पावसाचं पाणी असेल." पावसाच्या पाण्यात गाळ कुठून येणार?

प्रश्न : मी पोचायच्या आतच मालक गाडी चालू करून ठेवतात. दोनदा असं झालं.

तिसऱ्यांदा न सांगता अर्धा तास आधी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर "थंड झाल्यावर येतो" म्हणून चहाला जा. कुरकुर, खडखड, धूर, जे काही असेल ते गार इंजिन चालू करतानाच बाहेर येतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येणं ठीक. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनात शिरत असावं. तेव्हाच डॅशबोर्डही बघा : चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो बिघडलाय किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलाय.

प्रश्न : माझ्या मेकॅनिकला गाडी दाखवायला मालक तयार नाहीत. काय करू?

दुसरी गाडी बघा.

प्रश्न : कागदांत नेमकं काय तपासायचं?

कागदावरचा चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. त्या 17 अक्षरं-आकड्यांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच वापरत नाहीत. यातलं एक जरी दिसलं, तर नंबर बनावट आहे. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचं कर्ज देणाऱ्याचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. "उद्या आणून देतो" असं म्हणाले, तर राहिलेले पैसेही उद्याच द्या.