तीस हजार आईच्या हातात दे

लेका,

परवा फोनवर पाऊण तास बोललास. सावकार काय म्हणतो, मोठे बाबा काय म्हणतात, मित्र जुना ऑटो घे म्हणून कसा मागे लागलाय, सगळं सांगितलंस. आई काय म्हणते, हे एकदाही आलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या वडिलांचं शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं की सरकारकडून एक लाख मिळतात. त्यातले ७०,००० ठेवीत राहतात, त्याचं महिन्याचं व्याज येतं. हाती पडतात ३०,०००. ते आईचे आहेत. तुझे नाहीत, मोठ्या बाबांचे तर नाहीतच.

माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आईला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या, मला बोअर मारायचं होतं. बँकेत तिनं स्लिपवर अंगठा दिला, शाई पदराच्या टोकाला पुसली आणि न मोजताच नोटा माझ्या हातात दिल्या. २२० फुटांपर्यंत नुसती भुकटी उडत राहिली. ती बांधावर उभी होती. काही बोलली नाही, आजवर बोलली नाही. मी काही चैन केली नव्हती रे. पाणी लागलं असतं तर कोरडवाहू कापसाच्या जुगारातून सुटलो असतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण तिला विचारलं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली.

आता सावकाराचं. त्याला आधी परवाना माग. २०१४ च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. कर्जापोटी शेत लिहून घेतलं असेल आणि त्या व्यवहाराला पंधरा वर्षं झाली नसतील, तर ते परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो दारात येऊन मोठ्यानं बोलला म्हणून पाकीट उघडायचं नाही. शरम कसली वाटते तुला? ती त्याला वाटू दे.

तलाठ्याकडे वारस फेरफार टाक. सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं की नाही, स्वतः वाचून बघ. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याला घरात घेऊ नकोस. संजय गांधी निराधारचा अर्जही तहसीलमध्ये देऊन ठेव.

आयटीआय सोडायचा विचार डोक्यातून काढ. किराण्याची उधारी किती, बियाण्याला किती लागतील, ताईची फी कधी भरायची, हे तुझ्या आईला तोंडपाठ आहे. वडील असतानाही घर तीच चालवत होती, तुला दिसलं नाही एवढंच. चिडून लिहितोय, कारण तू हुबेहूब माझ्यासारखा बोललास.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. चहा झाला की तू बाहेर ओट्यावर बस. मला आधी तिच्याशी बोलायचंय.

तुझा,
काका