कम्प्युटर सायन्ससोबत ज्यूइश स्टडीजचा मायनर घ्यावा का?

तू विचारलंस की बॉस्टनला बॅचलर्ससाठी यायचंय, मेजर कम्प्युटर सायन्स, पण ज्यू धर्म आणि इतिहासाचा मायनर घ्यायची इच्छा आहे आणि घरचे म्हणतायत उपयोग काय. माझं म्हणणं, घे. मी इथे हाच मायनर केलाय.

आधी घरच्यांचं. मायनर म्हणजे मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीचा दुय्यम विषय, साधारण पाच-सहा कोर्स, त्यातले एकदोन बऱ्याच ठिकाणी जनरल एज्युकेशनमध्येही (सगळ्यांना करावे लागणारे सामान्य कोर्स) धरतात. अ‍ॅडमिशनच्या वेळी नक्की सांगावं लागत नाही, नंतर ठरवता येतं. फक्त एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली तात्पुरती कामाची परवानगी) मेजरशी संबंधित कामासाठीच मिळतं, सो नोकरीचं गणित मायनरवर मांडू नकोस. ज्यू असायची अट अजिबात नाही.

आता विषय. आपल्याकडे वाटतं की हिटलर आणि इस्राएल, झालं. खरं तर इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, मग देऊळ नाही, बळी नाहीत, तर धर्म टिकला कशावर, हा प्रश्न मला सगळ्यात भारी वाटतो. तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या ग्रंथाचं, पान बघ, मधे मूळ मजकूर, एका बाजूला राशी नावाच्या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी वाद घालणारे त्याचेच नातू वगैरे, आणि हे सगळं एकाच पानावर जपून ठेवलंय!! मग 1492 ला स्पेनमधून हकालपट्टी, कैरोच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) सापडलेले कागद, त्यात बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रं.

आणि मराठी येणाऱ्याला इथे खरंच मोठा फायदा आहे. आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे शनिवार तेली (तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून हे नाव), त्यांचं केवढं तरी साहित्य मराठीत आहे, 1846 मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली. ते थेट वाचू शकणारे विद्यार्थी इथे फार कमी. रिसर्च पेपर यावरच कर, आणि येण्याआधी भायखळ्याचं मागेन डेव्हिड किंवा पुण्याचं लाल देऊळ, यातलं एखादं सिनेगॉग बघून ये, आधी परवानगी विचारून.

हिब्रू मात्र पहिल्याच सेमिस्टरला घे, भाषेचे क्लास आठवड्यात चार-पाच दिवस असू शकतात आणि पुढे सीएसच्या लॅबशी टाइमटेबल जुळवणं फार अवघड जातं. जुने ग्रंथ वाचायचे असतील तर बिब्लिकल, नाहीतर मॉडर्न.