बायकोचं रक्त 8.4 आहे, लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत. डाळिंब-बीट दिलं तर चालेल का?

तुम्ही विट्याहून लिहिलंय: बायको पाच महिन्यांची गरोदर, पहिलं मूल सव्वा वर्षाचं. गोळी घेतली की मळमळतं, आणि आई म्हणते, "गोळ्या उष्ण पडतात, बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं." म्हणून डाळिंबावर भागेल का, असं विचारलंत.

नाही भागणार. मी आटपाडी तालुक्यात चौदा वर्षं आशा म्हणून काम करते. आमच्याकडं डाळिंबाच्या बागाच बागा, आणि त्याच बागांत तोडणीला जाणाऱ्या बायांचं रक्त तपासलं की नऊ, साडेआठ. डाळिंब लाल असतं, म्हणून लोकांना वाटतं त्यानं रक्त वाढतं. त्यात लोह अगदी थोडं. आवडीनं खाऊ द्या, औषध समजू नका. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या वर हवं. 8.4 वरून नुसत्या खाण्यानं उरलेल्या चार महिन्यांत ते तिथवर जात नाही.

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, सोबत फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. रक्त इतकं कमी असलं की सहसा दोन देतात, पण ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना द्या, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा तासभर आधी नाही, नंतरही नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल, त्यानं घाबरू नका. आणि आईंना सांगा, गोळीनं बाळ वाढून सिझर होत नाही. उलट आईचं रक्त कमी राहिलं तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते.

हे सगळं तुमच्या सिस्टरनंही सांगितलं असेल. खरी अडचण पुढं आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के बायांमध्ये रक्त कमी निघालं, पुरुषांमध्ये 25 टक्के. चूल एक, तवा एक, भाकरी एक. पाळी आणि बाळंतपणं यांचा वाटा त्यात मोठा आहेच. पण मी रोज घरोघरी जाते. सून कधी जेवते ते बघते. सगळ्यांची पंगत उठल्यावर. तोवर कोरड्यास संपलेलं असतं, मटणाच्या रश्श्यात फोडी उरलेल्या नसतात. आपल्या माणदेशात हुलगा, मटकी, बाजरी काही कमी नाही. कमी पडतं ते तिच्या ताटात.

आमच्या एका वाडीवर अशीच एक सून होती, रक्त 7.8. दर भेटीला "घेते की गोळ्या" म्हणायची. एक दिवस ज्वारीच्या कणगीमागं न फोडलेली सहा पाकिटं सापडली. मी तिला रागावले, आणि आजही मला त्याची खंत वाटते. ती काय करणार होती? गोळी हातात घेतली की सासूबाई बघायच्या. पुढच्या शिबिराला मी सासूबाईंनाच नेलं आणि त्यांचं बोट टोचायला लावलं. 9.1 आलं. दम लागणं, पिंढऱ्या दुखणं हे वयानं होतंय असं त्या दहा वर्षं समजत होत्या. त्या दिवसापासून दोघी रात्री बरोबर गोळी घ्यायला लागल्या. सून बाळंत झाली तेव्हा 10.2 होतं.

म्हणून बायकोला समजावत बसू नका. आईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, त्यांचंही रक्त तपासा. घरी तुम्ही जेवायला बसाल तेव्हा तिला शेजारी बसवा. तुम्ही घरचा मुलगा. तुम्ही म्हणालात तर ते होतं, मी बाहेरची बाई दहा वेळा सांगून होत नाही.

आणखी एक, थोडं स्पष्ट बोलते. पहिलं बाळंतपण सव्वा वर्षापूर्वीचं. गेलेलं रक्त भरून यायच्या आतच दुसऱ्यांदा दिवस गेले. शेजारच्या सातारा जिल्हा परिषदेनं 2007 मध्ये नवविवाहित जोडप्यांना पहिलं मूल लांबवल्याबद्दल पैसे देण्याची योजना आणली होती, पाच हजार आणि साडेसात हजार. मला ती यासाठी पटली की तिनं नवऱ्यालाही विचारात घेतलं. या बाळंतपणानंतर तांबी किंवा दुसरं साधन, हे दोघांनी मिळून आताच सिस्टरशी बोलून ठेवा.

महिन्यानं पुन्हा तपासा. नेमानं गोळ्या घेऊनही एक ग्रॅमसुद्धा वाढलं नसेल तर शिरेतून लोह द्यावं लागेल. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. मधेच गोळ्यांचा साठा संपलाय असं कुणी सांगितलं तर थांबू नका, मेडिकलमधून त्याच ताकदीच्या आणा. बसल्या जागी दम लागला, छाती धडधडली, चक्कर आली, तर महिना भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. आणि बाळंतपण घरी किंवा छोट्या दवाखान्यात नको; जिथं रक्त चढवायची सोय आहे तिथंच नाव घाला, आणि रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसं आत्तापासून सांगून ठेवा.