साठीनंतर आहार सुधारला तर आमवात टळतो का?

तुमच्या आई ६४ वर्षांच्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा जुनाट आजार) निघाला आणि तेव्हापासून आईंनी दही, चिंच, टोमॅटो, वांगं, बटाटा, तूरडाळ सगळं सोडलंय. आता नीट खाल्लं तर आपल्याला होणार नाही, असं त्या धरून चालल्यात; ते खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी आहारतज्ज्ञ आहे. आहाराने हा आजार टळतो असं मला मनापासून सांगायला आवडलं असतं. पण आईंच्या वयाला तसं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

या प्रश्नावरचं एक मोठं काम अमेरिकेतल्या परिचारिकांवर झालंय. तिथे १९७६ आणि १९८९ साली परिचारिकांचे दोन मोठे गट अभ्यासासाठी निवडले आणि त्या काय खातात हे त्यांना दर काही वर्षांनी विचारत राहिले. त्यातल्या जवळपास १ लाख ७० हजार जणींच्या माहितीवरून २०१७ साली आहाराचा दर्जा आणि आमवात यांचा संबंध तपासला गेला. भाज्या, फळं, अख्खी धान्यं, डाळी, दाणे जास्त आणि तांबडं मांस, गोड पेयं, मीठ कमी, अशा आहाराला जास्त गुण. सगळ्यात जास्त गुण मिळालेल्या स्त्रियांमध्ये पंचावन्नच्या आत होणाऱ्या आमवाताचं प्रमाण सगळ्यात कमी गुणवाल्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी दिसलं. पंचावन्ननंतर सुरू झालेल्या आमवातात मात्र असा ठोस फरक दिसलाच नाही. वर्तमानपत्रात बातमी येते ती पहिल्या वाक्याची. तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं आहे ते दुसरं.

आणि हे ३३ टक्के कशातले, तेही बघा. दोन दशकांहून जास्त काळात या सगळ्या जणींपैकी आमवात झाला साधारण हजार जणींना, म्हणजे हजारी सहा. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, तिथेही प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघालं. सख्ख्या बहिणीला असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, हे खरं. पण मूळ आकडाच इतका लहान आहे की तिप्पट होऊनही बहुतेक बहिणींना हा आजार होत नाही. आईंना आधी हे सांगा, त्यांची निम्मी भीती जाईल.

मग खाण्याचं काहीच महत्त्व नाही का? आहे, पण त्यांनी जे सोडलंय त्याचं नाही. त्याच परिचारिकांमध्ये रोज साखरेचं कोल्ड्रिंक पिणाऱ्यांना, रक्तचाचणीत दोष दिसणारा आमवात जास्त होताना आढळला, आणि हा संबंध पंचावन्ननंतर आणखी ठळक होता. स्वीडनमध्ये ५४ ते ८९ वयाच्या सुमारे ३२ हजार स्त्रियांच्या पाहणीत, वर्षानुवर्षं नियमित मासे खाणाऱ्यांमध्ये आमवात कमी दिसला. घरी मासे चालत असतील तर आठवड्यातून एकदा-दोनदा बांगडा किंवा तारली जरूर करा. (दोन्ही नुसत्या पाहण्या आहेत. मासे खाणाऱ्या बायकांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात.) आंबटाने किंवा वांग्या-बटाट्याने आमवात होतो, असं मात्र कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही.

सिगारेट-विडीचा संबंध या सगळ्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. मिश्रीबद्दल तितका पुरावा नाही, पण मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि हिरड्यांच्या जुन्या आजाराचं आमवाताशी नातं दिसतं. आई मिश्री लावत असतील तर दही सोडण्याआधी ती सुटायला हवी.

आता मी हे इतकं कळकळीने का लिहितेय ते सांगते. माझ्या आईला ६१ व्या वर्षी आमवात झाला. सकाळी तिला चहाचा कप धरता येत नव्हता, पोळपाट-लाटणं तर दूरच. नातेवाइकांनी पथ्य सांगितलं आणि आम्ही ते पाच महिने पाळलं: मुगाची खिचडी, भाकरी, दुधी. तिचं सात किलो वजन उतरलं. अंगात ताकद उरली नाही आणि सूज होती तिथेच. संधिवाततज्ज्ञांकडे पोचलो तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती, ती पुढे सरळ झाली नाहीत. औषधं सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली, वाकड्या बोटांनी. पथ्याचे ते पाच महिने मला अजून बोचतात. आमवातात सुरुवातीचे महिनेच मोलाचे असतात, कारण सांध्याचं हाड एकदा झिजलं की औषधाने परत येत नाही.

म्हणून पथ्यापेक्षा लक्षणांवर नजर ठेवा. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळांशी किंवा मनगटांना सूज, सकाळी अर्धा-पाऊण तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, अंगठ्या घट्ट होणं, मुठीत ताकद न राहणं, असं दोन-तीन आठवडे राहिलं तर थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या सांगतील. जिने चढताना नुसते गुडघे दुखत असतील तर त्या वयात ती बहुधा झीज असते, तो आजार वेगळा.

तोवर आईंचं वरण आणि दही परत ताटात येऊ दे. साठीनंतर स्नायू आपोआप उतरतात, हाडं ठिसूळ होतात. प्रथिनं आणि कॅल्शियम त्यांना आत्ताच लागतंय. तूरडाळीने पोट जड होत असेल तर मूग-मसूर आलटून पालटून करा. सोबत रोज एक पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. यातलं काही आमवात रोखेलच असं मी म्हणत नाही. त्यांच्या साखरेला, रक्तदाबाला आणि गुडघ्यांना याचा उपयोग नक्की होईल. आणि मावशींनाही सांगा, कितीही चांगलं खाल्लं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत.